बियांचं पीठ

१४ सप्टेंबर १९९८, सोमवार

पुण्याहून खांबेटे मॅडमचा फोन आला. आमच्याकडे फोन नाही. तो स्टँडवरच्या एस.टी.डी.च्या दुकानात येतो, त्यामुळे मी पदर खोचून पोचेपर्यंत परदेशी पाहुणी येणार ही बातमी निम्म्या गावाला माझ्या आधी मिळाली होती. हॉलंडची बाई आहे. तिच्याकडून मॅडमच्या ट्रस्टला मदत येते, आणि ट्रस्टने आमच्या महिला केंद्राला डीप फ्रीजर दिलाय. दिवाळी झाली की ऑक्टोबरच्या शेवटी ती बघायला येणार.

मॅडम गोड बोलतात, पण गेल्या वर्षीचं विसरलेल्या नाहीत. बालाघाटाच्या डोंगरातून बायका सीताफळं आणतात, आम्ही गर काढतो, गोठवतो, पुण्याचा आइस्क्रीमवाला नेतो. इथवर सगळं छान. सालं आणि बिया मात्र शेडमागच्या ओढ्यात जात होत्या. मॅडम आल्या त्या दिवशी त्यांनी नाकाला लावलेला रुमाल गाडीत बसेपर्यंत काढला नव्हता. आज फोनवर म्हणाल्या, "प्रणिताताई, या वर्षी कचरा दिसला तर फ्रीजर दुसऱ्या केंद्राला द्यावा लागेल. बाईंचा तोच आग्रह आहे."

फ्रीजर गेला की केंद्र गेलं, कारण गर संध्याकाळपर्यंत काळा पडतो. आणि केंद्र गेलं की मी पुन्हा मल्लिनाथांच्या दुकानात, गुळाच्या ढेपेशेजारी. (लोकांत मी 'हे' म्हणते. इथे नाव लिहिते. वहीला कोण बोलणार.) बारा वर्षं त्या गल्ल्यामागे बसले. पुन्हा मला तिथे बसायचं नाही. हे घरात कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

२० सप्टेंबर

औरंगाबादला जाऊन गांडूळखताचं शिबिर करून आले. येताना गांडुळं आणली, शेणासकट, गोणपाटात बांधून. एस.टी.त पिशवी मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, काय हाय? म्हटलं, रोपं आहेत. खरं सांगितलं असतं तर कंडक्टरने गेवराई फाट्यालाच उतरवलं असतं.

शेडमागे वाफे घातले. खाली पाचट, वर शेण, त्यावर सालं, मग गांडुळं. केंद्राच्या अध्यक्ष साखराबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांचं घर शेतकऱ्याचं, आवाज सरपंचाचा. म्हणाल्या, "शेटाणी, आमी जल्मभर शेण उचललं, कुणी फोटू काढाया आलं न्हाई. तुमी किडं सोडले की हॉलंड येतंय." बायका हसल्या. मीही हसले. मनातून मात्र चरफडत होते, कारण साखराबाई चिडवतात तेव्हा त्यांचं निम्मं खरं असतं.

२५ सप्टेंबर

सालं कुजतात. बिया कुजत नाहीत. वाफ्यात हात घातला की गारगोट्यांसारख्या हाताला लागतात. अजून खरा हंगाम सुरूही झाला नाही आणि दोन पोती साठली. पाहुणी येईपर्यंत डोंगर होईल. शिबिरात सांगितलं होतं, जे कुजत नाही ते बारीक करा.

बारीक कुठे करायचं? पाट्यावर वाटायला बायका तयार नाहीत, आणि मलाही ते सांगवत नाही. मग सुचलं. दुकानाला लागून आमची मिरची कांडायची गिरणी आहे. नवीन यंत्र घेतल्यापासून जुनं मागच्या पत्र्याच्या खोलीत पडून आहे. गिऱ्हाइकांच्या मिरचीशी त्याचा संबंध नाही. सोमवारी गिरणी बंद असते.

जेवताना विषय काढला. मल्लिनाथ भाकरी कुस्करत बसले. त्यांना विचारलं की ते आधी ताटाकडे बघतात, मग पाण्याच्या तांब्याकडे, आणि मग म्हणतात, "बगू." माझ्या केंद्राबद्दल दोन वर्षांत त्यांच्या तोंडून 'बगू'च्या पलीकडे काही निघालेलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. कधी वाटतं सरळ भांडावं, म्हणजे निदान कळेल तरी.

२८ सप्टेंबर, सोमवार

सांगायला गेले तर मल्लिनाथांनी पोती मागच्या खोलीत नेऊन ठेवलेली होती. स्वतःच कांडायला बसले. गड्याला का सांगितलं नाही, तर म्हणाले, "त्येचा सोमवार सुट्टीचा हाय. कावून बोलवू?" दार लावून घेतलं होतं, धूळ दुकानात येऊ नये म्हणून. दुपारी पीठ तयार. करड्या रंगाचं, किंचित तेलकट. मी शेणकाल्यात कालवून वाफ्यांत टाकलं. बीसुद्धा वाया गेली नाही. मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी केंद्राच्या भिंतीवर गेरूने लिहून टाकलं : इथे कचरा होत नाही.

साखराबाईंनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "मग भिंतीवर हे काय केलंय?"

५ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला. फळ जोरात आहे. नेकनूरपासून पार डोंगरापर्यंतच्या बायका टोपल्या घेऊन येतात आणि वीज मात्र दिवसाआड रुसते. आज मल्लिनाथांनी पुन्हा बिया कांडल्या. बाहेर आले ते डोळे पुसत. म्हणाले, "लई झोंबतंय बे हे." बायकोला बे म्हणायची त्यांची पद्धत नाही, यंत्राला म्हणाले असतील.

मिरचीवाल्याचे डोळे लाल असायचेच. वीस वर्षं ते मिरची कांडतात, आणि माझ्या कामाच्या वेळीच झोंबायला लागलं. मी म्हटलं, मिरचीचं असेल, पाणी मारा. मारलं.

८ ऑक्टोबर

वाफ्यांत काहीतरी बिघडलंय. गांडुळं कडेला आली आहेत, काही बाहेर पडून सुकली. खाली उकरलं तर फार थोडी. उन्हाने असेल. ऑक्टोबरचं ऊन यंदा भाजून काढतंय. नाहीतर बोअरचं पाणी खारं आहे म्हणून. पोतं ओलं करून झाकलं. साखराबाईंना दाखवलं नाही, त्यांनी वर्षभर चिडवलं असतं. औरंगाबादला फोन करून आणखी गांडुळं सांगितली.

रात्री झोप लागत नाही. डोळा लागला की कुणीतरी इंग्रजीत प्रश्न विचारतं आणि मी 'बगू' म्हणते.

१० ऑक्टोबर

एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. मल्लिनाथ सकाळी भस्म लावून लिंगपूजेला बसतात. डाव्या तळहातावर इष्टलिंग, आणि त्यावरून नजर हलत नाही, मग बाहेर गिऱ्हाईक ओरडत असो. आज बघितलं तर डोळे मिटून बसले होते. दिवस दिवस दुकानात बसून पूजेत पेंग येत असेल. सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या. मी केंद्रावर निघाले.

१२ ऑक्टोबर, सोमवार

आज राग आला. वच्छलाबाईंना साबुदाणा हवा होता, उपवास त्यांचा, आणि ह्यांनी बारीक तांदूळ बांधून दिले. त्या परत आल्या, चार माणसांत बोलल्या. मी विचारलं, लक्ष कुठे असतं? तर म्हणाले, "डबे सारखेच दिसतात." दुकान त्यांच्या वडिलांपासून आहे, डबे हलवलेले नाहीत.

मला वाटतं त्यांना माझं केंद्र नकोच आहे. तोंडाने बोलत नाहीत, अशा चुका करून दाखवतात. तरी दुपारी दार लावून पुन्हा कांडायला बसले. नाही म्हणायचं धाडस नाही आणि मनापासून करायचंही नाही. मी बाहेरून विचारलं, किती राहिलं? आतून म्हणाले, "होत आलं."

१५ ऑक्टोबर

बीडला गेलते. गेले होते. (साखराबाईंच्या संगतीने माझं लिहिणंही बिघडतंय.) पाहुणीसाठी काचेचे पेले आणले. मल्लिनाथ सकाळपासून काळा चष्मा लावून गल्ल्यावर बसतात. जत्रेतला, हिरवट दांड्यांचा. पोरं त्यांना हिरो म्हणतात. मीही म्हटलं, एवढा चष्मा लावून माझ्या पाहुणीसमोर येऊ नका. ते हसले. पेपर मला देऊन म्हणाले, "जरा मोठ्यानं वाच ना." किती वर्षांनी काहीतरी मागितलं. मला घाई होती, मी मथळे वाचले आणि उठले.

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा झाली. पणत्या लावायला ह्यांना बोलावलं, तर पहिली पणती पेटताच तोंड फिरवलं आणि आत अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वाण्याने अंधारात बसावं, असं कुठे असतं? मी एकटीने सगळ्या पणत्या लावल्या. शेजारची माणसं विचारत होती, शेट कुठंत? डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ते तसं म्हणालेही होते.

मला रडू आलं. इतक्या दिवसांचं सगळं, पाहुणी, मेलेली गांडुळं, वीज. नवी गांडुळंही टिकेनात. वाफ्यावर वरून चांगलं काळं शेणखत पसरून ठेवलंय. दिसायला उत्तम दिसतं.

२४ ऑक्टोबर

लिहून काढलं नाही तर वेड लागेल.

वच्छलाबाई सकाळी केंद्रात आल्या. म्हणाल्या, "शेटाणी, ते बियाचं पीठ मूठभर द्या. नातीच्या डोक्यात लई उवा झाल्यात. आता समद्या दुकानातली शाम्पूची पाकिटं आणत्यात, पर ह्याच्यासारखं औषिद न्हाई." दिलं. नात ओट्यावरच बसली होती. वच्छलाबाईंनी पीठ तेलात कालवलं आणि डोक्याला हात लावायच्या आधी पदराचं टोक फाडून पोरीच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं. पोर कुरकुरली तर एक चापट दिली. "गप बस. डोळ्यात गेलं तर जल्माची आंधळी व्हशील."

आईने माझे डोळे असेच बांधले होते. सगळ्यांच्या आयांनी बांधले होते. या तालुक्यात ही गोष्ट माहीत नसलेली एक बाई सापडायची नाही. केंद्रात बसून आम्ही सगळ्या दिवसभर त्याच बिया हाताळतो, आणि त्यांना खत म्हणायला लागल्यापासून एकीलाही ते आठवलं नाही. ज्याने उवा मरतात त्याने गांडुळं का जगतील? साखराबाई माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "काय झालं?" मी चप्पल न घालता निघाले.

मल्लिनाथ गल्ल्यावर नव्हते. आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी चष्मा काढला. डोळे उघडेनात. उघडले तेव्हा डाव्या डोळ्याच्या काळ्या बुबुळावर दुधाचा थेंब पडावा तसा पांढरा ठिपका होता.

२५ ऑक्टोबर, बीड

डोळ्यांच्या डॉक्टरांनी रविवार असूनही बघितलं. उजव्याची जखम वरची आहे, भरेल. डाव्याची खोल गेली आहे. "फूल पडलंय. नजर किती परत येईल आज सांगता येत नाही." मग मला विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" मी सांगू लागले तर मल्लिनाथच मध्ये म्हणाले, "मिरचीचं असंल म्हणून आमीच थांबलो, डॉक्टरसाहेब."

मी मिरचीचं म्हटलं होतं. त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर

घरी आलो. दर दोन तासांनी थेंब. पाहुणी उद्या. मी म्हटलं, कळवते की येऊ नका. ते डोळ्यावरची पट्टी चाचपत म्हणाले, "वेडी का काय? बाई हॉलंडहून निगाली. तू केंद्रावर जा. मी कुठं पळतोय." त्यांचं इतकं सलग बोलणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

साखराबाईंना सगळं सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी चिडवलं नाही. म्हणाल्या, "उद्या कायबी बोलू नका. फ्रीजर ऱ्हाऊ द्या, मग बगू. शेटजींचा डोळा बोलून परत येणार न्हाई."

बरोबर आहे त्यांचं. मी गप्प राहायचं ठरवलं आहे.

२९ ऑक्टोबर

पाहुणी उंच, नाकावर ऊन लागून लाल झालेली, हसरी. गर चाखला, डोळे मिटले, वा वा केलं. शेड धुऊन पुसून ठेवली होती. ओढ्यात वावगी गोष्ट एक दिसत नव्हती. भिंतीवरचं गेरूचं वाक्य खांबेटे मॅडमनी तिला इंग्रजीत सांगितलं आणि तिने त्याचा फोटो काढला. वाफ्यांवरचं काळं खत हातात घेऊन वास घेतला. ते वरून पसरलेलं होतं हे मला आणि साखराबाईंनाच माहीत.

मग बियांच्या पिठाचं पोतं. मॅडमचे डोळे चमकले. "प्रणिताताई, हे तुम्हाला कसं सुचलं? अहो, सगळ्या सीताफळ केंद्रांचा हाच प्रश्न आहे." दोघी आपसात बोलल्या आणि मॅडम वळून म्हणाल्या, "पुढच्या हंगामाआधी ट्रस्टच्या बाकी चारी केंद्रांना कांडप यंत्र द्यायचं. आणि शिकवायला तुम्ही जायचं. ट्रस्टतर्फे. मानधन, प्रवास, सगळं."

हे मला हवं होतं. खोटं कशाला लिहू, त्या क्षणीसुद्धा हवं होतं. पिशवी घेऊन गावोगाव जायचं, कुणाच्या गल्ल्यामागे बसायचं नाही. साखराबाईंनी माझ्या कोपराला चिमटा काढला, म्हणजे हो म्हणा.

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला चार पत्र्याच्या खोल्या दिसल्या, दार लावलेल्या. आत कोण बसणार? माझ्यासारखीचा नवरा, नाहीतर स्वतः बाईच.

मी सांगितलं. सगळं. गांडुळं मेली, वरचं खत नुसतं शेणाचं आहे, पिठाने ह्यांचा डोळा गेला, यंत्र कुणाला देऊ नका. मॅडम भाषांतर करता करता थांबल्या. पाहुणीने "काय, काय म्हणते?" अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. मॅडमनी सांगितलं, पण माझ्या बोलण्यापेक्षा ते पुष्कळ लहान होतं. पाहुणीने पोत्याला लागलेला हात रुमालाला पुसला.

जाताना मॅडम गाडीपाशी म्हणाल्या, "तुम्ही बोललात ते बरं केलं. पण ते दाखवायला शेणखत पसरलंत, ते मी काय म्हणून लिहू?" फ्रीजरचं बैठकीत ठरेल म्हणाल्या. मला त्यातून जे कळायचं ते कळलं.

गाडीची धूळ बसायच्या आत साखराबाई माझ्यावर फुटल्या. "तुमच्या खरेपणावर आमच्या चुली पेटनार हायेत व्हय? तुमाला दुकान हाय. आमाला काय हाय?" मी म्हटलं, बिया पुन्हा डोंगरात टाकू, आख्ख्या, झाडं तरी वाढतील. त्या म्हणाल्या, "हे आदी सुचलं न्हाई व्हय?" आणि टोपली उचलून निघून गेल्या. बाकीच्या बायका त्यांच्या मागे. मी पेले धुतले.

१ नोव्हेंबर

तीन दिवस ह्यांना सांगितलं नव्हतं. पाहुणी खूश होती एवढंच म्हटलं होतं. आज केंद्र बंद कावून, असं त्यांनीच विचारलं. थेंब टाकून झाले होते, दोघं ओसरीवर होतो. सगळं सांगितलं.

 मग म्हणाले, "तू सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग मी डोळा कशापायी घातला?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

"मायनं बांधले न्हवते व्हय माझे डोळे? पयल्याच सोमवारी कळलंतं. रुमाल बांधून कांडायचो. त्येनं काय व्हतंय, धूळ आत शिरतीच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस." पट्टी सारखी करत म्हणाले, "बारा वर्सं गल्ल्यामागं तुझं तोंड बगितलंय मी. केंद्र निगाल्यापास्नं ते तसं नसतंय. वाटलं, चार सोमवारांचा तर सवाल हाय."

मला संताप आला. असा संताप मला कुणाचा आला नव्हता. दोन वर्षं मी ह्या माणसाला नकोसं आहे म्हणून कुढत होते, आणि हा माणूस दार लावून आत बसला होता. मी ओरडले. शेजारी बाहेर आले तरी ओरडत होते. माझ्या नावावर असं काही परस्पर द्यायचा तुम्हाला काय अधिकार, एकदा तरी सांगायचं होतं, मी काय राक्षसीण आहे का, असं काय काय बोलले. ते ऐकत होते. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाले, "तू तरी कुठं विचारलंस? आत काय हालत हाय म्हणून."

मी विचारलं होतं, किती राहिलं. तेवढंच विचारलं होतं.

शेजारी आत गेले. मी त्यांच्याजवळ सरकून बसले आणि विचारलं, आत कसं होत होतं. पहिल्यांदा म्हणाले, "बगू, मागनं सांगतो." मी उठले नाही. मग सांगायला लागले, पहिल्या सोमवारपासून, आणि दिवेलागण होऊन गेली तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.